डब्यावर काय लिहून आहे?

"डब्यावर काय लिहून आहे? वाचा. मोठ्यानं वाचा."

हे वाक्य म्हणताना भाऊंचा आवाज अगदी मऊ व्हायचा. समोरचं गिऱ्हाईक चष्मा वरखाली करून लोखंडी डब्यावरचा स्टिकर वाचायचं. "चारशे पन्नास वॉट." "पुन्हा वाचा." "चारशे पन्नास." मग भाऊ मान डोलवायचे, जणू एखाद्या पोरानं कविता बरोबर म्हटली आहे, आणि पहिलं बटण दाबायचे.

हिंगणघाटात बस स्टँडच्या रस्त्यावर आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान शेठचं. मी काउंटर सांभाळायचो, बिलं करायचो, विंडोज टाकून द्यायचो. मागच्या टेबलावर भाऊ. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे, अंगानं सडपातळ, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. त्यांच्याकडे एकच काम होतं, एसएमपीएस तपासायचं. कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या बाजूला पंख्याची एक लोखंडी पेटी असते ना, तीच. भिंतीतली वीज घेऊन ती मशीनला झेपेल अशी बारीक करून देणारी. आमच्याकडे कापसाच्या जिनिंगमधली रुई हवेत तरंगत असते. ती या पेटीत जाऊन बसते, पंखा अडतो, पेटी तापते आणि जाते. त्यामुळे भाऊंना कामाची कधी वाण पडली नाही.

बाकीचे मेकॅनिक काय करतात ते तुम्ही पाहिलं असेल. हिरव्या वायरीला काळी वायर एका पिनेनं जोडायची, पंखा फिरला की पेटी चांगली. गिऱ्हाईकही पंखा पाहून खूश होतं. भाऊ त्याला खुशाल खूश होऊ द्यायचे. "फिरून राह्यला ना जी?" असं विचारायचेसुद्धा. मग टेबलाखालून आपली फळी काढायचे. त्या फळीवर जुन्या जीपच्या हेडलाइटचे चार बल्ब बसवले होते, प्रत्येकाला वेगळं बटण; एकेक बल्ब म्हणजे पेटीवर वाढता भार, लोड. शेजारी मीटर. पहिला बल्ब लागला, मीटरवर बारा व्होल्ट. दुसरा लागला, साडेअकरा. तिसऱ्याला साडेदहा, आणि चारही बल्ब पिवळे पडायचे. कधी आतून 'फट्' असा आवाज यायचा आणि जळका वास सुटायचा.

"डब्यावर चारशे पन्नास लिहून आहे," भाऊ म्हणायचे. "याले दोनशेही झेपत नाई. न्या घरी."

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, त्याला समाधान म्हणणं बरोबर होणार नाही. त्यांना मजा यायची.

एकदा समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेचे हेडमास्तर आले. एस.टी.त सीपीयू मांडीवर घेऊन आले होते, पँटला त्याच्या कोपऱ्यांचे वळ उमटलेले. शाळेत तो एकच कॉम्प्युटर.

"एकाएकी बंद पडला जी," ते म्हणाले. "कोणी हातही नाई लावला."

भाऊंनी पेटी उघडली. आत रुईचा गोळा, आणि त्यात वाळून कडक झालेली पाल. त्यांनी चिमट्यानं ती उचलली, काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर मधोमध ठेवली. दुकानात सात-आठ माणसं होती.

"गुरुजी, हजेरी घ्या," भाऊ म्हणाले. "कोणत्या वर्गातली आहे हे?"

सगळे हसले. हेडमास्तरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. ते पुन्हा आमच्या दुकानात आले नाहीत. पुढे त्यांचा शिपाई यायचा आणि बाहेरूनच विचारायचा, "ते मागचे भाऊ आहेत का आज?" असले तर आत यायचा नाही.

भाऊ असे का होते याचं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही. लहानपणी हाल झाले, कोणी फसवलं, असं काही नव्हतं. वडील चांगल्या नोकरीत होते, घर स्वतःचं होतं. लग्न केलं नाही, तेही त्यांच्याच मर्जीनं. काही माणसांना दुसऱ्याची मान खाली गेलेली पाहायला आवडतं. एवढंच असावं.

मग निलेश आला.

तिशीचा होता. समुद्रपूरकडच्या एका खेड्यातला, आयटीआय केलेला. बायको वैशालीला घेऊन गावात एक खोली भाड्यानं घेऊन राहायचा. काम वाढलं म्हणून शेठनं त्याला भाऊंच्या हाताखाली दिला. त्याला सगळ्याच गोष्टींसाठी थँक यू म्हणायची सवय होती. चहा दिला, थँक यू. स्क्रू ड्रायव्हर दिला, थँक यू. भाऊंनी पहिल्याच दिवशी शेठला सांगितलं, "हा पोरगा नाई, ग्रीटिंग कार्ड आहे."

रोज सकाळी भाऊ एक पेटी त्याच्यासमोर ठेवायचे. आदल्या दिवशी स्वतः तपासलेली, आणि ती वाईट आहे हे त्यांना पक्कं माहीत असलेली. निलेश पिन लावायचा, मीटर पाहायचा, म्हणायचा, "ठीक आहे जी भाऊ." मग भाऊ गिऱ्हाइकं जमेपर्यंत थांबायचे. दुकान भरलं की फळी काढायचे आणि सगळ्यांच्या देखत एकेक बल्ब लावायचे. "निलेश सर म्हणते, ठीक आहे. पाहू आपण." चौथ्या बल्बाला पेटी बसायची. निलेश म्हणायचा, "सॉरी भाऊ."

पण असं महिनोन्महिने झाल्यावर तो शिकला. चांगला शिकला. एके दिवशी भाऊंनी भंगारात टाकलेली एक पेटी त्यानं उचलली, उघडली आणि शेठसमोर आणून ठेवली.

"हा चांगला आहे जी. आतली वायर तुटून होती, मी जोडली. लोडवर लावून पाह्यला."

चारही बल्ब लागले. मीटर बारावरून हललं नाही. शेठ म्हणाले, "भाऊ, तुमी तर याले फेकून दिलतं!" आणि निलेशच्या पाठीवर थाप मारली. निलेशनं थँक यू म्हटलं. चहा आला तेव्हा भाऊंनी तो घेतला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी ते घडलं. एसएमपीएसमध्ये एक मोठा गोल कपॅसिटर असतो. वीज काढून घेतली तरी तो आत वीज धरून ठेवतो. भाऊंनी एक कपॅसिटर पेटीतून मोकळा केला, त्याला वीज भरली आणि प्लॅस्टिकच्या अंगानं धरून हाक मारली, "निलेश, पकड!"

निलेशनं तो झेलला. त्याचा हात असा उडाला की मागच्या शोकेसची काच फोडून आत गेला. दुकानात हसू उसळलं होतं, ते रक्त दिसल्यावर थांबलं. मनगटाच्या वर खोल चिरलं होतं. भाऊ उठले, स्वतःचा धुतलेला रुमाल काढला आणि नीट, अगदी व्यवस्थित गुंडाळून गाठ मारली.

"पकडायच्या आधी विचारत जाजो," ते म्हणाले.

शेठनं त्याला डॉक्टरकडे नेलं. तिथे निलेशनं सांगितलं, काचेवर हात आपटला. कसा आपटला ते सांगितलं नाही. जखम भरली, पण दोन बोटं पुरती मिटेनाशी झाली.

त्या दिवशी भाऊ जेवणाचा डबा दुकानातच विसरून गेले. मी तो घेऊन त्यांच्या घरी गेलो. दोन गोष्टी सुनवायच्या, असं ठरवूनच गेलो होतो. दार उघडंच होतं. आत खाटेवर त्यांची आई, अगदी वाळलेली, भिंतीला टेकून बसवलेली. मागे भाऊ. ते तिचे केस विंचरत होते. केस विरळ, पांढरे, गुंता झालेले. ते एकेक बट बोटांत धरून, मुळाशी ताण येणार नाही अशी, खालून वर सोडवत होते. आई मध्येच "दुखते रे" म्हणाली, तसे ते थांबले, डोक्यावर हात ठेवून बसले आणि ती शांत झाल्यावर पुन्हा सुरू झाले. मला पाहून म्हणाले, "बसा जी." मी डबा ठेवला. तसाच परत फिरलो.

हे दोन हात एकाच माणसाचे होते. तुम्ही म्हणाल, मग तो मनानं चांगला असणार. मला तसं म्हणवत नाही. निलेशचं मनगट मी पाहिलं होतं.

निलेशनं नोकरी सोडली आणि रस्त्याच्या पलीकडच्या रांगेत, आमच्या समोरून चार दुकानं सोडून, स्वतःचं दुकान टाकलं. वैशालीनं माहेरून मिळालेलं सोनं मोडलं, निलेशच्या सासऱ्यानं थोडीफार मदत केली. निलेशनं एक छोटं यंत्र आणलं होतं. पेटीच्या वायरी त्यात खोचल्या की पडद्यावर आकडे येतात आणि हिरवा दिवा लागतो. दोन मिनिटांचं काम. त्यात बल्ब नव्हते, लोड नव्हता. पण तो गिऱ्हाइकाला पाणी विचारायचा, खुर्ची द्यायचा, आणि वर थँक यू म्हणायचा. लोक तिकडे वळले.

भाऊ आपल्या टेबलावरून त्या दुकानाकडे पाहत बसायचे. "आकडे पाह्यते तो," ते म्हणायचे. "बिना लोडचे आकडे. माह्याजवळ शिकला न् आकडे पाह्यते."

त्या वर्षी गावातल्या एका क्लासनं कॉम्प्युटर लॅब काढायचं ठरवलं. आमच्या शेठनंही भाव दिला होता, पण काम निलेशला मिळालं. उद्घाटनाला बाजारातल्या सगळ्यांना बोलावणं होतं. मी आणि भाऊ बरोबर गेलो. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. मला वाटलं, हार असेल.

हॉल सजवला होता. नवे कोरे कॉम्प्युटर रांगेत, प्रत्येकाला हळदकुंकू. निलेशचे वडील गावाहून आले होते, पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत. वैशाली पेढ्यांचं ताट घेऊन फिरत होती. क्लासचे सर भाषणात म्हणाले की आपल्याच गावच्या होतकरू तरुणाला आपण काम दिलं. टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबल्यावर भाऊ उभे राहिले.

"सर, याच्यातला एखादा एसएमपीएस पाहू का जी मी? काही नाई, सहज. माह्याच हाताखालचा पोरगा आहे."

सरांना वाटलं, कौतुकच करणार. "पाहा ना," ते म्हणाले. निलेशचा चेहरा उतरला. तो पुढे आला, पण तोवर भाऊंनी पिशवीतून फळी काढून टेबलावर ठेवली होती.

"भाऊ," निलेश हळू आवाजात म्हणाला, "या मशीनले इतका लोड कधीच लागत नाई. तुमालेही माहीत आहे."

"डब्यावर काय लिहून आहे? वाच."

"भाऊ, घरचे बसून आहेत."

"मोठ्यानं वाच."

निलेशनं वाचलं. चारशे पन्नास वॉट. भाऊंनी पहिला बल्ब लावला, दुसरा लावला. तिसऱ्याला पेटीतून आवाज झाला आणि धूर निघाला. बाया ओरडल्या. "दुसरा द्या," भाऊ म्हणाले. सरांनीच पुढे होऊन दुसरा कॉम्प्युटर उघडायला लावला. तोही गेला. तिसरा तर दुसऱ्याच बल्बाला बसला. हॉलमध्ये जळका वास भरला. निलेशचे वडील उठून मुलाजवळ आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "काय झालं रे बाबू? काऊन जळून राह्यलं?" नागपूरच्या ज्या ठोक व्यापाऱ्याकडून निलेशनं माल उचलला होता, त्यानं हलका माल भारी स्टिकर लावून दिला होता. निलेशही फसलाच होता. पण ते त्या क्षणी कोण ऐकणार?

भाऊंनी बल्ब गार होऊ दिले, फळी पुसली आणि पिशवीत ठेवली. जाताना वैशालीच्या ताटातला एक पेढा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली आमच्या दुकानात आली. मला वाटलं, शिव्या देईल. ती सरळ मागच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिली.

"भाऊ, माल खराब होता, ते खरं आहे," ती म्हणाली. "मले फक्त एक विचारायचं आहे. तुमाले आधी माहीत होतं?"

"डबे उतरून राह्यले तवाच पाह्यलतं मी. एक हातात घेतलता. वजनावरून समजते."

"म्हणजे आठ दिवस झाले."

"हो."

"मंग समोरच तर दुकान होतं. चार पावलं येऊन सांगतलं काऊन नाई?"

भाऊ मीटरच्या वायरी गुंडाळू लागले. "सांगून त्यानं ऐकलं नसतं."

"ऐकलं असतं," वैशाली म्हणाली. "घरी तो तुमचंच नाव घेते. भाऊ असं करते, भाऊ तसं करते. हाताचं झालं तवाही माह्यावर चिडला. म्हणे, माणूस खडूस आहे पण काम त्याच्यासारखं कोणाले येत नाई. तुमी नुसतं म्हटलं असतं ना, त्यानं सगळा माल त्याच दिवशी वापस केला असता."

ती निघून गेली. भाऊंसमोर एक पेटी उघडून पडली होती, तिला त्यांनी दुपारपर्यंत हात लावला नाही. जेवायच्या वेळी मला म्हणाले, "मी खोटं बोललो का कोणाशी?"

"नाही."

"मंग?"

मी डबा उघडला. तेही जेवले, पण सावकाश, आणि शेवटचा भात तसाच ठेवला.

पुढचं सगळं फार पटकन झालं. सरांनी निलेशला सगळे कॉम्प्युटर परत घ्यायला लावले. त्याचं दुकान बंद पडलं, आणि तो वैशालीला घेऊन नागपूरला एका मोबाइलच्या दुकानात कामाला लागला. पण गावानं भाऊंचंही कौतुक केलं नाही. उलट गावात बोललं जाऊ लागलं, की मशीन चांगल्या चालू होत्या, या माणसानं मुद्दाम फोडल्या. ज्यांनी धूर डोळ्यांनी पाहिला तेच असं म्हणायचे. आपली वस्तू भाऊंच्या टेबलावर ठेवायला लोक कचरू लागले. "तुमच्याकडचे ते भाऊ हात लावणार असतील तर राहू द्या," असं मला तोंडावर म्हणायचे. शेवटी शेठनं एका सकाळी त्यांना बाहेर बोलावून सांगितलं, उद्यापासून नका येऊ. तेव्हा दुकानात कोणीतरी फिसकन हसलं. भाऊंनी ते ऐकलं. आपली फळी काखेत मारून ते भर उन्हात चालत गेले.

आई त्याच पावसाळ्यात गेली. मग ते घरात एकटे. घरावर दुरुस्तीची पाटी लावली होती, पण कोणी फिरकलं नाही. पुढच्या मे महिन्यात एका दुपारी छातीत कळ आली आणि संपलं. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

वेणा नदीच्या काठावरच्या स्मशानात आम्ही दहा-बारा माणसं होतो. भाऊंच्या एका पुतण्यानं अग्नी दिला. शेठ आले नाहीत. ऊन असं होतं की अग्नी लागताच सगळे कडूनिंबाच्या सावलीला जाऊन बसले आणि कोणी भावाभावांच्या वाटणीवर, कोणी सोयाबीनवर बोलू लागलं. तेवढ्यात रस्त्याकडून निलेश चालत आला. थोडा जाड झाला होता. चप्पल बाजूला काढून तो चितेजवळ गेला, इतका जवळ की पुतण्यानं हाक मारली, "मागे या जी, भाजेल."

मी उठून त्याच्याकडे गेलो. "तू काऊन आला रे?"

"खात्री कराले," निलेश म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हसू नव्हतं.

"घरी मी अजून याच्याशीच भांडून राह्यलो," तो म्हणाला. "जेवताना, आंघोळ करताना. वैशाली म्हणे, मेला ना तो आता? मंग एकदा जाऊन ये, डोळ्यानं पाहून ये. सुटशील."

तो तिथेच उभा राहिला. घाम गळत होता, पुसलाही नाही. आग बसत आली तेव्हा म्हणाला, "जातो." मी चहाचं विचारलं, त्याला नको होता. मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेलो. नागपूरची गाडी लागलेलीच होती. दुपारची वेळ, गाडी रिकामी. तो खिडकीशी बसला. मी खाली उभा राहून काहीतरी बोललो, पुन्हा ये वगैरे. त्याचं लक्ष नव्हतं.

गाडी वळली तेव्हा तो मला खिडकीतून दिसला. शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं. त्याचे ओठ हलत होते.